यंदाच्या बुलडॉग्जविषयी, मिलिंदला

मेलबर्न,
22 फेब्रुवारी 2026

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (फुटीच्या) क्लबाबद्दल, पश्चिम मेलबर्नच्या वेस्टर्न बुलडॉग्जबद्दल, विचारलंस, "यंदा आपले बुलडॉग्ज काय करणार?" मी तेव्हा नुसतं "बघू" म्हणालो, कारण ते फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं नव्हतं. आज रविवार आहे, घरात शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. तू नागपूरला परत गेल्यापासून या विषयावर मनापासून बोलायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही. ऑफिसात सगळे कॉलिंगवूड आणि एसेंडनवाले. आपल्या मंडळातल्या लोकांना फुटी म्हटलं की अजूनही क्रिकेटच्या सुट्टीतला खेळ वाटतो.

तर आधी गेल्या वर्षाचं, कारण ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. 14 सामने जिंकूनही आपण नववे आलो, आणि फायनल्स फक्त पहिल्या आठांना. आठव्या हॉथॉर्नपेक्षा फक्त एक विजय कमी. शेवटच्या फेरीत आपल्याच घरच्या मैदानावर, मार्व्हलवर, फ्रीमँटलला हरवलं असतं तर आत होतो, आणि नेमका तोच सामना गेला. आपली गुणांची टक्केवारी, म्हणजे दिलेल्या दर शंभर गुणांमागे आपण केलेले गुण, 130 च्याही वर होती! म्हणजे कमकुवत संघांना आपण अक्षरशः धुऊन काढलं, पण समोर तगडा संघ आला की पाय लटपटले. माझ्या मते आपलं खरं दुखणं तेच आहे. बाकी सगळी कारणं, कॅप्टन बाँटच्या पोटरीची दुखापत, पुढच्या फळीतल्या डार्सीचा गुडघा, ट्रेलोअर जवळजवळ वर्षभर बाहेर, ही खरी आहेत, पण दुखापती कुणाला चुकल्यात? पहिल्या चारांतल्या संघापुढे चौथ्या क्वार्टरमध्ये उभं राहता येतं का, हा प्रश्न आपल्यापुढे 2021 च्या ग्रँड फायनलपासून तसाच पडून आहे.

ती ग्रँड फायनल आपण तुझ्या हॉलमध्ये पाहिली होती, आठवतं? तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाँटने गोल मारला, आपण 19 गुणांनी पुढे गेलो आणि तू खुर्चीवर उभा राहिलास. पुढे पर्थच्या त्या मैदानावर मेलबर्नने जे केलं ते मी आजही पुन्हा बघू शकत नाही. 74 गुणांनी हरलो. पुढच्या वर्षी पर्थलाच एलिमिनेशन फायनलमध्ये (हरला तो बाहेर) फ्रीमँटलवर 41 गुणांची आघाडी घेऊन हरलो. 2023 मध्ये तळाला असलेल्या वेस्ट कोस्टकडून मार्व्हलवर हरलो आणि फायनल्स हुकल्या. 2024 मध्ये सहावे आलो आणि एमसीजीवर हॉथॉर्नने पहिल्याच फायनलमध्ये घरी पाठवलं. इतक्या वेळा दुधाने तोंड पोळल्यावर इथली माणसं ताकसुद्धा फुंकून पितात, त्यात नवल काय!

गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन व्हिटन ओव्हलला, क्लबच्या मैदानावर, ट्रेनिंग बघायला गेलो होतो. बार्कली स्ट्रीट आता तू ओळखणार नाहीस. डोशांची, मिठाईची, साड्यांची दुकानं एकाला एक लागून, आणि तोच रस्ता पुढे जाऊन क्लबचा जुना दिग्गज टेड व्हिटन याच्या पुतळ्यापाशी पोचतो. आम्ही गोलच्या मागे कुंपणाला टेकून उभे होतो. ऊन कडक, आणि वारा नेहमीसारखा आडवा. सॅम डार्सी एकटाच साधारण 45 मीटरवरून किका मारत होता. टीव्हीवर त्याची उंची नीट कळत नाही. 208 सेंटिमीटरचा माणूस दहा हातांवर उभा राहिला की मान मागे करावी लागते. पण मी बघत होतो ते त्याचे हात. बॉल सोडताना तो डावा हात आधी काढून घेतो आणि उजव्या हाताने बॉल जवळजवळ पायावर ठेवतोच, खाली पडूच देत नाही. म्हणून इतक्या वाऱ्यातही बॉल डगमगत नव्हता. एक बिहाइंड (गोल हुकून मिळणारा एकच गुण) गेला की तो बॉल आणायला स्वतः धावत जायचा आणि परत त्याच जागेवर येऊन उभा राहायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. बावीस वर्षांचा पोरगा!

लेकीने विचारलं, "याचे बाबापण इथेच खेळायचे ना?" मी म्हटलं, बाबाच काय, आजोबासुद्धा. डेव्हिड डार्सी, ल्यूक डार्सी आणि आता सॅम. तिला हे फार आवडलं. मग लिबाची गोष्ट सांगावी लागली. टॉम लिबरटोअरचे वडील टोनी 1997 च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये गोल झाला म्हणून नाचले होते, पण अंपायरने बिहाइंड दिला आणि आपण अॅडलेडकडून 2 गुणांनी हरलो. राइली वेस्ट म्हणजे स्कॉट वेस्टचा मुलगा, जॉर्डन क्रॉफ्ट म्हणजे मॅथ्यू क्रॉफ्टचा. बापाने क्लबसाठी 100 सामने खेळले असतील तर मुलाला घ्यायचा पहिला हक्क त्या क्लबचा, हा नियम मला या खेळातला सगळ्यात माणुसकीचा नियम वाटतो. आपल्या गावाकडे तालमीत नाही का, वस्तादाचा मुलगा त्याच लाल मातीत उतरतो.

आणि जेम्स ओडॉनल! बचावातला तो पोरगा आधी क्रिकेट खेळायचा. त्याचे वडील सायमन ओडॉनल 1987 ला ईडन गार्डन्सवर इंग्लंडला हरवून वर्ल्ड कप जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघात होते. हे तुझ्या बाबांना सांग, त्यांना तो सामना नक्की आठवत असेल.

ट्रेनिंगला शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्या उन्हातही गळ्यात लाल-पांढरा-निळा लोकरी स्कार्फ. 1961 ची हरलेली ग्रँड फायनल त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली होती. 1989 मध्ये लीगने आपला क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं ठरवलं तेव्हा क्लबच्या फुट्सक्रे उपनगरातल्या रस्त्यांवर डबा हलवत पैसे गोळा करणाऱ्यांत त्या होत्या. मी विचारलं, "यंदा कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये बोलू." आणि मग अर्धा तास डार्सीबद्दलच बोलत राहिल्या. मिलिंद, पश्चिम मेलबर्नचा माणूस असाच आहे. आशा बोलून दाखवली तर तिला दृष्ट लागेल असं त्याला वाटतं, पण फेब्रुवारीच्या उन्हात कुंपणाला टेकून उभा मात्र तोच असतो.

आता यंदाचं. नवा नियम तू वाचला असशील: फायनल्सच्या आधीच्या रिकाम्या आठवड्यात आता वाइल्डकार्ड फेरी. सातवा विरुद्ध दहावा, आठवा विरुद्ध नववा, आणि पहिल्या सहांना सुट्टी. हा नियम गेल्या वर्षी असता तर आपली हॉथॉर्नशी गाठ पडली असती. इथे पुष्कळ जण खूश आहेत, म्हणतात, आता नववं आलं तरी चालेल. मला हे अजिबात पटत नाही. 2016 ला आपण सातवे होतो. पर्थला वेस्ट कोस्ट, मग हॉथॉर्न, मग सिडनीत जाऊन तिथल्या जीडब्ल्यूएस क्लबला 6 गुणांनी, आणि शेवटी ग्रँड फायनलमध्ये सिडनी स्वान्स: चार आठवड्यांत चार विजय आणि 62 वर्षांनी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद. पण त्या फायनल्सच्या आधी आपल्या पोरांना एक आठवडा विश्रांती मिळाली होती. आता सातव्या संघाला ती नाही, आणि त्याला चारऐवजी पाच सामने जिंकावे लागतील. त्यामुळे 2016 पुन्हा घडेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पहिल्या चारांत यायला हवं, किमान पहिल्या सहांत. नववं येऊन समाधान मानायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

पुढच्या फळीची मला चिंता नाही. डार्सी आणि नॉटन दोघेही धडधाकट राहिले तर लीगमधल्या कुठल्याही बचावाला त्यांच्यातला एक मोकळा सोडावाच लागेल. पुढच्या फळीतला जमारा गोल्ड कोस्ट क्लबाकडे गेला, त्याचं वाईट वाटतं. इतक्या कमी वयात त्या पोराने बरंच सोसलं आणि तिकडे त्याला सुख मिळावं असं मनापासून वाटतं. त्याच क्लबातून बुडारिक इकडे आला, मागून बॉल वेगाने बाहेर काढायला तो कामाला येईल. मधल्या फळीत बाँट, लिबा, एड रिचर्ड्स, मॅथ्यू केनेडी. ट्रेलोअर उभा राहिला तर सोन्याहून पिवळं. माझी काळजी मागच्या फळीची आहे. लॉब मूळचा पुढे खेळणारा, त्याला 2024 ला मागे आणलं आणि त्याने ते मनावर घेऊन केलं, पण समोरच्या संघाने मधून झपाट्याने बॉल आणला की आपले उंच बचावपटू उघडे पडतात. गेल्या वर्षीच्या मोठ्या हारींत हेच दिसलं. त्या दिवशीच्या ट्रेनिंगमध्ये कोचमंडळी नेमका हाच सराव परत परत थांबवून करून घेत होती. बॉल हातून गेला की मधल्या फळीतल्या कुणी किती मागे धावायचं, यावर. ते बघून मला जरा धीर आला.

कोच बेव्हरिजवर तू नेहमी चिडतोस. तो खेळाडूंच्या जागा फार बदलतो हे मलाही मान्य आहे. पण 2016 च्या व्यासपीठावर स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून जखमी कॅप्टन बॉब मर्फीच्या गळ्यात घालणारा तोच माणूस आहे, आणि क्लबने गेल्या वर्षी त्याचा करार वाढवून दिलाय. मला तो अजून काही वर्षं हवा आहे.

खरं सांगू, मला हे सगळं बाँटसाठी हवंय. तो आता तिशीचा झाला. ब्राउनलोमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकासाठी, दोनदा दुसरा आला, 2021 ला आणि 2023 ला. 2016 मध्ये जिंकला तेव्हा विशीतला पोरगा होता. कॅप्टन म्हणून कप उचलायचा अजून राहिलाय. असा खेळाडू क्लबाला पिढीत एकदा मिळतो, आणि त्याच्या उमेदीची वर्षं आपण नववं-सहावं-नववं करत घालवतोय, हे मला फार लागतं.

म्हणून यंदा मी एकच गोष्ट बघणार आहे. किती सामने जिंकले ते मोजणार नाही, कुणाशी जिंकले ते बघणार. परीक्षा पहिल्याच दिवशी आहे: 7 मार्चला, शनिवारी, गॅबावर ब्रिस्बेनशी. सलग दोन वर्षं प्रीमियरशिप जिंकलेला संघ, त्यांचं मैदान, त्यांचे प्रेक्षक. हरलो तर आकाश कोसळणार नाही. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये गुण बरोबरीत असताना आपली पोरं मागे धावतात का, ते तू नीट बघ आणि मला लिही. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, बॉल नसलेल्या खेळाडूंकडे तूच बघतोस.

मे महिन्यात तुझ्या कंपनीचं इकडचं काम निघालं तर आधी कळव, मार्व्हलची तिकिटं काढून ठेवतो. लेकीसाठी बेसनाचे लाडू आण, आणि वहिनींना म्हणावं, संत्राबर्फी राहू दे, दुधाची मिठाई भारतातून इथे आणू देत नाहीत. काकांना सायमन ओडॉनलचं विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार, काका-काकूंना साष्टांग नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझाच,
अविनाश