बॉक्सच्या स्क्रूला हात लावू देऊ नकोस

अंबाजोगाई,
१४ ऑक्टोबर

प्रिय भावड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी शेतात मोटर चालू करायला गेलेलो. रेंज येत-जात होती, निम्मंच कळलं. कळलं ते एवढं की हौसेनं घेतलेली जुनी विलीज जीप सरळ चालत नाही, स्टेअरिंग चार बोटं रिकामंच फिरतं, आणि तिथला गॅरेजवाला म्हणतो स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देतो, दहा मिनिटांचं काम. हे फोनवर सांगून भागायचं नाही म्हणून लिहायला बसलो. माझं पत्र वाचून होईस्तोवर त्या माणसाला स्क्रूपासून लांब ठेव.

माझी थ्री बी, म्हणजे विलीजची सीजे-थ्री बी जीप, तुला आठवते ना? तीच ती, उंच बॉनेटची. आतलं हरिकेन इंजिन उंच, ते मावावं म्हणून विलीजवाल्यांनी १९५३ मध्ये बॉनेटच वर उचललं. तुझीही तीच जात. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीज जोडायला घेतल्या आणि हे मॉडेल तर पुढं कितीतरी वर्षं काढलं, म्हणून सामान अजून मिळतं. सामानाची काळजी करू नकोस, घाईची कर.

मी घाईच केली होती. कारखान्यांचा सीझन चालू होता. उसाच्या डबल ट्रॉल्यांनी डांबराला चाकोऱ्या पाडलेल्या, आणि माझी जीप अशी चाकोरी धरायची की सोडायचं नाव नाही. बाहेर काढायला जावं तर एकदम पलीकडच्या अंगाला उडी. केजपर्यंत जाऊन आलं तरी खांदे भरून यायचे. मग एका गॅरेजात बॉक्सचा स्क्रू आवळून घेतला. सरळ रस्त्यावर काय सुख वाटलं म्हणून सांगू! दोन दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी माजलगावला निघालो. धारूरचा घाट उतरताना एका वळणावर स्टेअरिंग फिरवलं ते फिरलं, पण परत येईना. हात ढिला सोडला की चाकं आपोआप सरळ होतात, ही आपल्या अंगात मुरलेली सवय. तिथं चाकं दोन्ही हातांनी ओढून सरळ आणावी लागली. समोर टेम्पो होता. त्यानं गाडी कठड्याला घासून घेतली म्हणून आज हे पत्र लिहितोय. खाली तेलगावला चहा घेतला तेव्हा बशीत निम्मा सांडला.

असं का झालं ते नंतर चाचांनी सांगितलं. चाचा म्हणजे आपल्या बसस्टँडमागं पत्र्याच्या शेडात बसणारे मिस्त्री, काळीपिवळीच्या जमान्यात निम्म्या तालुक्याच्या कमांडर जीपा ज्यांच्या हाताखालून गेल्या ते. बॉक्सच्या आत कॅम, म्हणजे मळसूत्री खाच कापलेला दांडा, असतो आणि त्याच्या खाचेत लिव्हरच्या दोन पिना फिरतात. ती खाच मधोमध मुद्दाम घट्ट कापलेली असते, कडेला जरा सैल. आयुष्यभर गाडी जास्त करून सरळच चालते, म्हणून झीज होते ती मध्येच. आता मधला खेळ जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर कडेला, जिथं काहीच झिजलेलं नाही, तिथं पिना आवळून बसतात. वळणावर स्टेअरिंग अडकलं ते त्यामुळं. वर एवढं करून मूळ दुखणं जागच्या जागीच.

चाचांनी पहिल्यांदा तो स्क्रू होता तसा सोडला आणि म्हणाले, "बॉक्सकू हात नक्को लगाव. पैले निच्चे सो."

खाली झोपलो. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. आमच्या हिला सीटवर बसवलं आणि स्टेअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवी हलवत राहा म्हटलं. (ती वरून म्हणाली, गाडी जागेवर आणि मी फिरवतेय, याचं भाडं कोण देणार?) डोळ्यांनी काहीच दिसलं नाही. चाचांनी माझी बोटं धरून सांध्यावर ठेवली, निम्मं बोट एका तुकड्यावर, निम्मं दुसऱ्यावर. मग कळलं. एक तुकडा हलतो, दुसरा क्षणभर थांबून मग हलतो, आणि बोटाच्या कातडीला चिमटा बसल्यासारखं होतं. असं एकेक सांधा करत बॉक्सपासून चाकापर्यंत जायचं. तुला हेच करायचंय. आणि जिथं तांबूस पूड दिसेल, हळदी-कुंकवाच्या करंड्याच्या कडेला साचते तशी, तिथं लोखंडावर लोखंड घासतंय असं समज. आपल्या काळ्या मातीचा थर असतो म्हणून आधी गाडी खालून धुवून दोन दिवस चालव, मग पूड नवी की जुनी ते कळतं.

माझ्यात सापडलं ते असं. ड्रॅग लिंक म्हणजे बॉक्सकडून चाकांकडं ढकला नेणारा दांडा, त्याच्या टोकात बॉल, त्याला दोन्हीकडून कप, मागं स्प्रिंग आणि तोंडाशी आट्याचं बूच. स्प्लिट पिन काढून बूच पुरतं आवळायचं आणि अर्धा-एक आटा मागं घेऊन नवी पिन घालायची. माझ्या एका टोकातली स्प्रिंग तुटून दोन तुकडे झालेली, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण खरा चोर होता बेल क्रँक. ड्रॅग लिंक पुढं-मागं ढकलते, तो ढकला आडवा करून दोन्ही टाय रॉडना, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांना, देणारा तो तुकडा. त्याची पिन काढली तर तिच्यावर नख अडकेल एवढी पायरी पडलेली. तिथं ग्रीस मारायचा निप्पल मातीनं बुजलेला. म्हणजे मी दर सर्व्हिसला ग्रीसचे पैसे देत होतो आणि ग्रीस त्या निप्पलच्या बाहेरच पुसलं जात होतं! पिन आणि बेअरिंगचा सेट बदलला, निम्मं दुखणं गेलं.

टाय रॉडचे एंड, ते तुला सांगायला नको, हलले की बदल.

किंग पिन म्हणजे जिच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं ती पिन, तिचं मात्र नीट समजून घे, कारण तिथं बहुतेक लोक फसतात. चाक जॅकवर उचल, खाली घोडा (स्टँड) लाव, चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलव. हललं की लोक म्हणतात व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. खेळ गेला तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर किंग पिनच्या बेअरिंगा. त्या वर-खाली असतात आणि त्यांचा ताण टोपीखालच्या शिमांनी, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, ठरतो. शिम काढून ताण द्यायचा. किती, ते चाचा स्प्रिंगचा काटा अडकवून बघतात, तो कापूस मोजायचा जुना काटाच आहे त्यांच्याकडं. जास्त घट्ट झालं तर स्टेअरिंग परत न येण्याचं तेच दुखणं इथूनही सुरू होतं.

एवढं सगळं झालं तरी माझी जीप खड्ड्यात चाक गेलं की खांद्यावरून ढकलल्यासारखी सरकायची. मग चाचांना चेसिसचा संशय आला. बॉक्स जिथं बोल्टनं बसतो तिथं त्यांनी रॉकेल लावलं, फडक्यानं कोरडं पुसलं, आणि तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात पातळ करून वर फासला. उन्हात सुकू दिला. मी म्हटलं चाचा चुना लावतायत. दहा-पंधरा मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उठली, बोल्टापासून दोन बोटं लांब. चिरेत राहिलेलं रॉकेल बाहेर पाझरलं होतं. म्हणजे मी स्टेअरिंग फिरवायचो तेव्हा आधी चेसिसचा पत्रा वाकायचा, मग चाक. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून वेल्डिंग केलं, मागून पट्टी दिली. भोक पाडलं नाही तर चीर वेल्डिंगला वळसा घालून पुढं जाते. हे काम पुण्यात कुणाकडून करून घेशील तर समोर उभं राहा.

आता तुझ्या गाडीचं एक वेगळं. फोनवर तू कौतुकानं म्हणालास की आधीच्या मालकानं लांब शॅकल (स्प्रिंगचे पाटे चेसिसला टांगणाऱ्या कड्या) टाकून ती उंच केलीय आणि रुंद टायर घातलेत. भावड्या, मला ते ऐकूनच धडकी भरली. सायकलचा पुढचा चिमटा बघ, तो मागं कललेला असतो, म्हणून हात सोडून चालवता येते. जीपच्या किंग पिनलाही तसाच मागं कल असतो, मूळ हिशेबात ३ अंश. शॅकल लांब केलं की अॅक्सल पुढं गडगडतो आणि तो कल मरतो. मग नवी पिन घाल की नवा बॉक्स घाल, गाडी भटकणारच. रुंद टायर, त्यात बाहेर काढलेल्या डिश (रिम), म्हणजे प्रत्येक चाकोरी थेट तुझ्या हातात. कुणी पाट्याखाली पाचर घालून कल परत आणून देतो म्हणेल. जमतं, पण पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. मी असतो तर मूळ शॅकल आणि अरुंद ६.०० × १६ चे टायर शोधले असते. दिसायला साधी दिसेल, दिसू दे. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट तेव्हाच बघून घे, आणि हवा दोन्हीकडं सारखी ठेव. माझ्यात पंपावरच्या पोरानं ४५ पौंड भरली होती, ट्रकची सवय.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं, घरी होतं. चाक उचलून फिरवत टायरवर खिळ्यानं रेघ मार, गाडी खाली ठेवून थोडी पुढं-मागं ढकल, मग पुढच्या रेघेपासून रेघेपर्यंत आणि मागं तसंच, हबच्या उंचीवर मोज. पुढं १ ते २ मिमी कमी हवं, बस्स.

हे सगळं झाल्यावर बॉक्स. स्टेअरिंग वर-खाली ओढून कॉलम हलतो का बघ, तो वरच्या झाकणाखालच्या शिमांनी जातो, ते आधी. मग ड्रॅग लिंक सोडून, स्टेअरिंग बरोबर मध्ये ठेवून, लॉक नट ढिला करून स्क्रू हळू आवळ. मध्यावर जरासा अडखळा जाणवला की थांब. दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघ. कुठंही जड लागलं तर मागं घे. थोडा खेळ राहील. माझ्यात रिमवर इंचभर आहे आणि मी त्याच्याशी भांडत नाही.

आधी बेल क्रँक बघ आणि फोन कर, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा रेंज असते. दिवाळीला येणार म्हणालास ते नक्की ये, बालाघाटातली सीताफळं तोवर पिकतील, चाचांनाही भेटवतो. फक्त एक ऐक, जीप तिथंच लावून एसटीनं ये.

तुझाच,
हॉस्टेलचा सातनंबरी