ट्रान्सफर सेंटरमधल्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतून) यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर होऊन जाणाऱ्या मराठी मुलांचं आणि त्यांच्या आईबापांचं हे पत्र. तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते खपणार नाही.

"आधी मेजर, मग जीई." पहिल्या भेटीतलं तुमचं पहिलं वाक्य. मेजर म्हणजे मुख्य विषयाचे कोर्स, जीई म्हणजे सगळ्यांनाच लागणारे सामान्य शिक्षणाचे. मग कॉलेजचा कुठला कोर्स विद्यापीठाच्या कुठल्या विषयाला चालतो ते दाखवणारी साइट, असिस्ट डॉट ऑर्ग, उघडायची. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. मुलं नावं जुळली की खूश होतात. तुम्ही बोट ठेवता ते दोन कोर्सच्या मधल्या 'अँड'वर. एका विषयासमोर 'अँड'ने जोडलेले दोन कोर्स असतील, तर त्यातला एकच करून ती ओळ भरत नाही. फिजिक्सची किंवा कॅल्क्युलसची मालिका अर्धी डी अँझा कॉलेजात आणि अर्धी दुसरीकडे केली, की गाडी नेमकी इथे अडते. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर (छोट्या सत्रांवर) चालतात, बाकी बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर (लांब सत्रांवर). अभ्यासक्रम दोन्हीकडे वेगवेगळ्या ठिकाणी तोडलेला असतो. युनिटचा हिशोब सोपा आहे, ६० सेमिस्टर युनिट म्हणजे ९० क्वार्टर युनिट. मधे गळलेला धडा त्या हिशोबात दिसत नाही, एवढंच.

इंजिनिअरिंगवाल्यांना तुम्ही कॅल-जीईटीसीच्या (जीई विषयांच्या ठरलेल्या संचाच्या) मागे धावू देत नाही, याबद्दल तर खास आभार. ११ विषय, ३४ युनिट. सगळं पुरं करून हाती सर्टिफिकेट आणि मेजरचं फिजिक्स मात्र बाकी, असं झालं तर त्या सर्टिफिकेटचा उपयोग काय? तरीही इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक कोर्स फॉलच्या (शरद सत्राच्या) प्रवेशाआधीच्या स्प्रिंगपर्यंत (वसंत सत्रापर्यंत) संपलाच पाहिजे, यात तुम्ही कुणाला सूट देत नाही.

मग टॅग, म्हणजे यूसीच्या एखाद्या कॅम्पसच्या प्रवेशाच्या हमीचा अर्ज. सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेतच भरायचा, तोही एकाच कॅम्पससाठी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं. टॅगमध्ये एक मेजर आणि मुख्य अर्जात दुसरं लिहिलं की हमी गेली. सीएसयूसाठी (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीसाठी) एडीटी, म्हणजे ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी, घेणाऱ्यांना तुम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगता, की ही हमी सीएसयूत कुठेतरी जागा मिळण्याची आहे, हव्या त्या कॅम्पसची नव्हे.

पुण्या-मुंबईत एफवाय करून आलेल्यांची गोष्ट वेगळी. "ते इथे कशाला दाखवायचं?" म्हणत ते वर्ष गाळायचा मोह होतो. अर्जात शिकलेली प्रत्येक संस्था यावी लागते, एकच कोर्स घेऊन डब्ल्यू (मधेच सोडल्याची नोंद) पडलेली सुद्धा. लपवलेलं नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. मार्क गुणपत्रिकेवर आहेत तसेच लिहायचे, ४.० च्या मापात स्वतः बदलायचे नाहीत. एफ-१ वाल्यांना (विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना) इथल्या रहिवाशांसारखा २.४ नव्हे, २.८ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, हेही तुम्ही पहिल्याच सेमिस्टरला बजावता, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो.

यूसीच्या अर्जाचं जानेवारीतलं अपडेट भरायला लावता त्याबद्दल आभार. फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय त्यात द्यायचे असतात, आणि प्रवेशाचा अर्ज गेला की मुलं ते खुशाल विसरतात. प्रवेश मिळाल्यावर स्प्रिंगमध्ये मेजरच्या विषयाला डी पडला तर काय होतं, हे तुम्ही आवाज न चढवता सांगता, तेवढं पुरतं.

आणि मे महिन्यातला तुमचा तो एका ओळीचा निरोप: "सर्टिफिकेशन मागितलं का?" ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) मागवला की जीईचं सर्टिफिकेशन (जीई पुरं झाल्याचा दाखला) आपोआप सोबत जातं, असा समज असतो. ते वेगळं मागावं लागतं, आणि एकाहून जास्त कॉलेजं झाली असतील तर सगळ्यांचे ट्रान्सक्रिप्ट आधी शेवटच्या कॉलेजकडे पोचवावे लागतात. कागद पोचवायची जुलैची १ तारीख त्या निरोपामुळेच पाळली जाते.

कळावे,
तुमची मुलं आणि त्यांचे आईबाप