तुळजा लेण्यांवरच्या दादांचे आणि मावशींचे आभार

जुन्नरच्या पश्चिमेला तुळजा लेण्यांत एक छोटं गोल चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थान, आहे. मधोमध साधा स्तूप, भोवती 12 अष्टकोनी खांब, वर घुमट. इतकं नेटकं काम क्वचितच दिसतं. रविवारी तिथे कोणीतरी स्तूपाजवळ धूप लावला. धूर कड्यावरच्या आग्या मोहोळापर्यंत गेला आणि माश्या उठल्या. एकीनं डंख मारला की त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. हात झटकणाऱ्यांना जास्त चावल्या.

शेळ्या चारणारे दादा धावत आले. आरडाओरडा थांबवला, सगळ्यांना तोंडं झाकायला लावली आणि एकेकाला पायवाटेनं खाली काढलं. आमच्यातल्या काकू घाबरून खालीच बसल्या होत्या. दादांनी आपली घोंगडी त्यांच्यावर टाकली. स्वतःच्या उघड्या मानेवर, कानामागे माश्या डसत होत्या, तरी ती परत घेतली नाही.

खाली शेतातल्या मावशींनी नखाच्या कडेनं भराभर काटे खरवडून काढले. काट्याला विषाची पिशवी असते, ती जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. मग गार पाण्याची फडकी ठेवली. काकूंचे ओठ सुजले, धाप लागली, तसं मावशीच म्हणाल्या, "आता घरचं औषध नको, दवाखान्यात न्या," आणि मुलाला गाडी काढायला लावली. डॉक्टरांनी लगेच ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. काकू आता बऱ्या आहेत.

दादा, मावशी, तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. मनापासून आभार. घोंगडी आमच्याकडे आहे, ती द्यायला काकू स्वतः येणार आहेत.