आजोबा गेल्यापासून तू कडक झालायस

सोन्या,

काल फोनवर त्या कॉपी करणाऱ्या ज्युनियरला वर्षभर घरीच बसवायला पाहिजे म्हणालास आणि मी नुसती हं हं करत राहिले. दोन महिन्यांपूर्वी अशाच एकाला ताकीद देऊन सोडा म्हणून कमिटीत तूच भांडला होतास ना? मधे झालं काय, तर आजोबा गेले, आणि शेवटचे तीन दिवस त्यांच्या उशाशी तूच होतास.

1989 साली छापलेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या टुसॉनचा. 22 जज घेतले, त्यातल्या निम्म्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलं, म्हणजे काय वाटतं, देहाचं काय होईल वगैरे, आणि मग सगळ्यांना एकच केस दिली, वेश्याव्यवसायाचा आरोप असलेल्या बाईचा जामीन ठरवायची. बाकीच्यांची सरासरी आली 50 डॉलर, आणि मरणावर लिहून आलेल्यांची 455! कायदा तोच, कागदही तेच. म्हणणं असं, की मरण आठवलं की माणूस आपल्या नियमांना घट्ट धरतो, मोडणारा नकोसा होतो, आणि शूरपणा करणाऱ्याला बक्षीसही जास्त द्यावंसं वाटतं. अर्थात 22 म्हणजे मूठभरच, आणि याच थिअरीचा दुसरा एक प्रयोग नंतर बऱ्याच लॅबनी मिळून परत केला तर खास काही निघालं नाही, त्यामुळे जजचं सोड.

माझं मात्र मला माहितीये. तू नववीत असताना माझी बायोप्सी झाली होती, रिपोर्टला आठ दिवस होते, तुला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातच तू क्लासहून वीस मिनिटं उशिरा आलास आणि खोटं बोललास, आणि मी तुझा फोन महिनाभरासाठी कपाटात टाकला, वर शिस्त म्हणजे शिस्त असं लेक्चर. तू दारात एका पायातला बूट काढून तसाच उभा होतास. रिपोर्ट नॉर्मल आला त्या रात्री फोन परत दिला, म्हणाले यावेळी माफ केलं. वास्तविक माफी मीच मागायला हवी होती, ती आत्ता मागतेय, सॉरी.

त्या पोराला सोडून दे असं नाही म्हणत, कॉपी केलीय त्याने. मीटिंग शुक्रवारी आहे ना? तुझा जुना ताकीदवाला अर्ज मेलमधे असेल, जायच्या आधी तेवढा वाच.

आई