संमतीपत्र मराठीत द्या, मग स्टेम सेलचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुगरच्या जखमेवर स्टेम सेलचा, म्हणजे मूलपेशींचा, उपाय निघाल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. त्यांची कात्रणं आणि मोबाईलवरच्या जाहिराती घेऊन खानापूर भागातली माणसं माझ्या दारात येतात. माझी उभी नोकरी ड्रेसिंगच्या खोलीत गेली, त्यामुळे ‘सिस्टर, ह्ये इंजक्शन घेऊया काय वो?’ हे मलाच विचारतात.

संशोधन खोटं नाही. शुगरवाल्याची जखम दाहातच अडकून बसते, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटत नाहीत. अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशी तिथे सोडल्या, तर त्यांची कातडी होते असं नाही. त्या थोडेच दिवस टिकतात, पण तेवढ्यात दाह उतरवणारे आणि रक्तवाहिन्या वाढवणारे पदार्थ सोडतात. कोरियात ३९ रुग्णांवर अशा पेशींची पट्टी वापरून पाहिली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. १२ आठवड्यांत पेशींची पट्टी लावलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांच्या जखमा पूर्ण भरल्या, बिनपेशींची पट्टी लावलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांच्या. जाहिरातवाले पहिला आकडा सांगतात. मला दुसरा जास्त बोलका वाटतो. निम्म्याहून अधिक लोक पेशींशिवाय, नीट देखभालीवर बरे झाले! आमच्याकडे भाताच्या चिखलात अनवाणी उभे राहणारे, सौंदत्तीच्या यल्लम्माला तापल्या फरशीवरून जाणारे, शुगरनं बधिर झालेले पाय आहेत. चटका बसला हे त्यांना संध्याकाळी फोड दिसल्यावर कळतं. त्यांच्यासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल मागा, दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. असो.

‘आपल्याकडे मंजुरी मिळालीय’ असंही दडपून सांगतात. बंगळूरच्या ‘स्टेमप्युसेल’ या मूलपेशींच्या औषधाला मंजुरी आहे, पण ती गुडघ्याच्या झिजेसाठी आणि पायाच्या रक्तवाहिन्या तुंबून रक्तपुरवठाच तुटतो त्या आजारासाठी. बर्जरचा रोग त्यातलाच. तंबाखू-विडीचं हे दुखणं निपाणीकडे वेगळं सांगायला नको. बधिर तळव्याला पडलेल्या शुगरच्या जखमेला ती मंजुरी लागू नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार आणि अशी मंजूर औषधं सोडली, तर मूलपेशींचा बाकी वापर फक्त चाचणीतच करता येतो. चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, की उठून यावं.

आमच्या शेजारच्या मामांनी म्हैस विकून एका दवाखान्यात असं इंजक्शन घेतलं. पेशी कुणाच्या, कुठून आणल्या, काही ठाऊक नाही. कागद होता, पण इंग्रजीत. खाली सही मात्र मामांची मराठीत. जखम पुढे चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली.

म्हणून माझी मागणी. बेळगावात मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खऱ्या चाचण्या आज ना उद्या इथेही येतील, आणि याव्यात. रुग्णाला समजेल त्याच भाषेत माहितीपत्रक आणि संमतीपत्र द्यायचं, हा नियमच आहे. इथले डॉक्टर तोंडी मराठीत छान समजावतात, पण घरी नेऊन लेकीसुनेकडून वाचून घ्यायला हातात कागद लागतो. तो कन्नडात किंवा इंग्रजीत असून आमच्या मराठी म्हातारीला काय उपयोग? यात सीमावाद आणू नये. उर्दूवाल्याला उर्दूत द्या, कन्नडवाल्याला कन्नडात द्या, आम्हाला मराठीत. पेशी कुणाच्या, त्रास झाला तर भरपाई कोण देणार, मधेच नाव काढून घेता येतं का, एवढं तरी त्यात ठळक छापा.

मराठी मसुदा वाचून रुग्णाला कळेल असा करून द्यायला मी तयार आहे. मानधन नको, खानापूरहून यायचं बसभाडंही माझं मी घालीन.

– एक निवृत्त परिचारिका, खानापूर (जि. बेळगाव)