2 मिलीवर थांबणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत, कारण तुम्ही जे करता ते इतके छोटे आहे की कुठल्याही अहवालात त्याची नोंद होणार नाही. खुब्याची शस्त्रक्रिया चालू असताना, रुग्णाची लेखी संमती असेल तर, तुम्ही कमरेच्या हाडातून आमच्या प्रयोगशाळेसाठी बोन मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, काढून देता. तिच्यातल्या मूलपेशी वाढवून आम्ही हाड घडवू पाहतो. सुई आत गेली की 2 मिली ओढता आणि थांबता. सुई काढून थोडी बाजूला घालता, पुन्हा 2 मिली. भूल दिलेला रुग्ण टेबलावर, पुढची केस बाहेर तयार, तरी दर वेळी तिथेच थांबता. डॉक्टर, आमचे सगळे काम त्या थांबण्यावर उभे आहे.

एकाच जागेवरून ओढत राहिले तर सुरुवातीला मज्जा येते, मग नुसते रक्त. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद जॉर्ज मशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्येच हे मोजून दाखवले: एका जागेतून 1 ऐवजी 4 मिली घेतले, तर हाड घडवणाऱ्या पेशींचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. 2 मिलीची मर्यादा त्यांनीच सुचवली.

तुमच्याआधी आमच्याकडे काठोकाठ भरलेल्या सिरिंज यायच्या. एका दमात ओढलेल्या, रक्त गोठू न देणारे हेपारिन आतून न फिरवलेल्या, गुठळ्या धरलेल्या. गुठळीत अडकलेल्या पेशी गाळणीतच राहतात. विनंती केली की ‘एवढे भरपूर दिले, आता अजून काय’ असा सूर. त्यात मोजणी फसवते. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही आकड्यात धरल्या जातात, त्यामुळे नमुना कागदावर उत्तम दिसतो. खरे काय ते 14 दिवसांनी, पेशी वाढवलेली प्लेट क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने रंगवून पेशींचे पुंजके दिसल्यावर कळते. चांगल्या मज्जेतही केंद्रक असलेल्या लाखभर पेशींमागे हव्या त्या मूलपेशी जेमतेम 1 ते 10 असतात. त्यात रक्त मिसळले की उरते काय?

मग त्या थोडक्या पेशी वाढवायला जास्त पॅसेज द्यावे लागतात, म्हणजे भरलेल्या प्लेटमधून उचलून पुन्हा पुन्हा नव्या प्लेटमध्ये वाढवाव्या लागतात, आणि प्रत्येक पॅसेजगणिक त्यांची हाड बनवण्याची ताकद घटते. अशा थकलेल्या पेशींना स्कॅफोल्ड, म्हणजे ज्यावर त्या हाड धरतात तो सच्छिद्र सांगाडा, वाचवू शकत नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या ठोकळ्यात 300 मायक्रॉनहून मोठी, एकमेकांना जोडलेली छिद्रे असोत, व्हॅक्यूमने आतली हवा काढलेली असो, पेशी थेंबाथेंबाने सोडून दोन तास ठोकळा न हलवता ठेवलेला असो, खनिज विरळच धरते. खनिजासाठी फॉस्फेट पुरवणारे बीटा-ग्लिसरोफॉस्फेट 10 मिलिमोलरच्या पलीकडे वाढवून अलिझरिनचा (कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाचा) लाल रंग गडद करता येतो, पण तो पेशींनी घडवलेला नाही, नुसता क्षाराचा साका असतो. त्याला हाड म्हणणे ही फसवणूक आहे.

रुग्णाच्या पायात याचा अर्थ काय होतो, ते फ्रान्समधले अस्थिशल्यविशारद फिलिप एर्निगू यांनी 2005 मध्ये दाखवले. नडगीचे हाड न जुळलेल्या 60 रुग्णांना त्यांनी त्यांचीच घट्ट केलेली मज्जा टोचली. 53 जणांचे हाड जुळले. उरलेल्या 7 जणांना मिळालेल्या मज्जेत या पेशी स्पष्टपणे कमी होत्या. म्हणजे प्रश्न केवळ आमच्या प्लेटचा नाही.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. संमती घेताना तुम्ही रुग्णाला सरळ सांगता की हे संशोधन आहे, याने तुमचा खुबा लवकर बरा होणार नाही. मूलपेशींच्या नावाने गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सगळे बरे करण्याची जाहिरात करणारे आसपास असताना इतके साधे खरे बोलणारा माणूस भेटला की मन भरून येते. लोक अशा डॉक्टरवर विश्वास ठेवतात, आणि त्या विश्वासातूनच आमच्यापर्यंत नमुना पोहोचतो.

येत्या सोमवारपासून हेपारिन फिरवलेल्या 10 मिलीच्या सिरिंज आम्हीच तयार करून पाठवू. लहान सिरिंजने ओढ चांगली बसते, आणि थिएटरमधल्या सिस्टरांचे तेवढे काम वाचेल. प्रत्येक सिरिंजवर जागेचा क्रमांक त्याच लिहितात, तेही कुणी न सांगता. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

आपले कृतज्ञ,
ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेतले सर्वजण