ललितेतर पुस्तकांना विषयवार कपाट द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराची परंपरा लाभलेल्या कोल्हापुरात वाचकांची वानवा नाही. तरीही जिल्ह्यातील काही लहान ग्रंथालयांत कादंबऱ्या लेखकांच्या नावांनुसार नीट लावलेल्या असतात आणि इतिहास, कायदा, शेती, मानसशास्त्र, आत्मचरित्रे मात्र ‘संकीर्ण’ म्हणून एकाच कपाटात कोंबलेली दिसतात, याचे मनापासून वाईट वाटते. शिरोळकडच्या शेतकऱ्याला क्षारपड जमिनीवरचे पुस्तक हवे असेल, तर ते त्याने पाककृती आणि प्रवासवर्णनांच्या गठ्ठ्यात शोधायचे का? पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या, १८७६पासून वापरात असलेल्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मृदाशास्त्राला ६३१.४ हा स्वतंत्र क्रमांक आहे. तो पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवायला फारसा खर्च येत नाही.

प्रकाशकांकडेही एक मागणे आहे. अनेक जाडजूड मराठी अभ्यासग्रंथांना शेवटी विषयसूची नसते, त्यामुळे २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर पूररेषेविषयी नेमके काही शोधणाऱ्याला सगळी पाने चाळावी लागतात. पुढील आवृत्तीपासून सूची द्यावी आणि ग्रंथालयांनी येत्या वार्षिक मोजणीच्या वेळीच ‘संकीर्ण’ कपाट विषयवार लावून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर